रिव्हेटच्या आतल्या बाजूला

बाबा कॅनडात एकदाच आले. आई गेल्यावर नगरच्या घरात ते एकटेच टीव्हीशी भांडत बसायचे, म्हणून मी हट्टानं त्यांना मॉन्ट्रियलजवळ, आमच्या ब्रॉसार्डला बोलावून घेतलं. ऑगस्टमध्ये आले आणि नोव्हेंबर संपायच्या आत परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणाले होते, ते जमलं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर ते राहिलेच नाहीत. अजूनही ऑक्टोबर लागला आणि लोकांनी ड्राइव्हवेवर पांढरे टेम्पो उभे केले की मला त्यांची फार आठवण येते. मग मी ऑफिसातून येताना गाडी सरळ घरी आणत नाही, गल्लीला उगाच एक चक्कर मारते.

टेम्पो म्हणजे गाडीवर बर्फ साचू नये म्हणून हिवाळ्यापुरता उभारायचा ताडपत्रीचा तंबू. बाबांनी ती रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वा! छावणी पडली." एकूणच ब्रॉसार्ड त्यांना पसंत पडलं होतं. आमच्या भागातल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षरानं सुरू होतात, पलीकडच्या भागातली दुसऱ्या अक्षरानं. या शिस्तीचं त्यांना एवढं कौतुक की नगरच्या मित्रांना फोनवर ते हेच सांगायचे. नायगारा पाहून आले, पण त्याबद्दल एक अवाक्षर नाही.

बाबा रिसालदार म्हणून रिटायर झाले. पासष्टच्या लढाईत ते रणगाड्याचे ड्रायव्हर होते आणि नंतर बरीच वर्षं नगरच्या लष्करी शाळेत नव्या पोरांना रणगाडा शिकवत. स्वभाव म्हणाल तर तोंडाळ. गोड बोलायची रीत आमच्या घराण्यातच नाही. माझ्या सासूबाईंनी लग्नात ते एका तासात ओळखलं होतं. माझं बालपण रणगाड्यांच्या गोष्टींवर गेलं, आणि त्यातही बाबांचा खास विषय म्हणजे दान मिळालेले रणगाडे.

पासष्ट साली समोरच्यांकडे अमेरिकेनं मदत म्हणून दिलेले नवेकोरे रणगाडे होते. आमच्या बाबांच्या तुकडीकडे दुसऱ्या महायुद्धातले, चार हात फिरून आलेले, तेही अमेरिकन बनावटीचेच. "त्यांच्या गाडीत अंतर मोजायचं यंत्र असं होतं की बघूनच आम्हाला घाम फुटावा," बाबा सांगत. "पण ते यंत्र अंगवळणी पडायला त्यांच्या पोरांना वेळच मिळाला नाही. वरून आमच्या लोकांनी शेतातल्या उसाला पाणी सोडलेलं. एवढं जड धूड चिखलात बसलं की बसलं. आमची गाडी म्हातारी होती, पण तिचा कुठला खोकला खरा आणि कुठला नाटकी, ते आम्हाला ठाऊक होतं." इथपर्यंत ते रंगात येऊन सांगायचे. मग एकदम थांबून म्हणायचे, "हसू नको. आत माणसंच होती."

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण आई येताजाता वापरायची. बाबांना ती मान्य नव्हती. गाईचं ठीक आहे, ते म्हणत, पण फुकट मिळालेल्या रणगाड्याचे दात मोजून घ्यायचे, कारण त्याच्या पोटात आपण बसणार असतो. ब्रॉसार्डला आले त्या वर्षी बातम्यांत सारखं दिसायचं, की कुठल्याशा देशाच्या फौजेला दिलेले रणगाडे तिथल्या बंडखोरांनी पळवले आणि त्याच फौजेवर उलटवले. बाबा सोफ्यावर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर दाबायचे, ब्रेक आणि क्लच दाबावा तसे. माझी मुलगी विचारायची, "आजोबा, व्हॉट आर यू डुइंग?" ते म्हणायचे, "ड्रायव्हिंग."

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी इथल्या ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या सोमवारी आली. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी विंटर टायर बसवायचं ठरवलं होतं. सकाळी जॅक काढायला गेला तर बाबा गराजच्या दारात उभे.

"आज हत्याराला हात लावायचा नाही. आज त्यांची पूजा."

"बाबा, मला पुढचा वीकेंड फ्री नाहीये. आणि टायर म्हणजे काय हत्यार आहे का?"

"बर्फात टायर नसेल तर काय करशील? मग ते हत्यारच."

नवरा बिचारा समजूतदार. माझ्याकडे पाहून त्यानं जॅक खाली ठेवला. बाबांनी गराजचं दार पूर्ण उघडलं, ड्राइव्हवेच्या तोंडाशी माझी चांगली पांढरी चादर अंथरली आणि सगळं ओळीनं मांडलं: बर्फ उपसायचं शोव्हल, पान्यांचा संच, ड्रिल, नगरहून आणलेली विळी, माझा ऑफिसचा लॅपटॉप, चार टायरांची उतरंड. शेवटी त्यांनी बर्फ उडवून बाजूला फेकणारा स्नो ब्लोअर ढकलत आणून मधोमध उभा केला. परसातले झेंडू पहिल्या थंडीत काळे पडायच्या आत मी तोडून ठेवले होते, ते वाहिले. प्रत्येकाला हळदकुंकू. स्नो ब्लोअरला कुंकू लावून बाबांनी त्याला सॅल्यूट ठोकला, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही.

आता इथं गराज उघडं टाकून सामान ओळीनं मांडलं की त्याचा अर्थ एकच होतो, जुनं सामान विकायला काढलंय. समोरच्या घरातल्या मदाम हातात खोका घेऊन रस्ता ओलांडून आल्या. नव्वदी ओलांडलेल्या, चणीनं लहान, पाठीनं ताठ, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचं असलं तरी लिपस्टिक लावलेली. त्यांचं घर विकलं गेलं होतं. डिसेंबरमध्ये त्या मुलाच्या गावी, म्हाताऱ्या माणसांच्या रेसिडेन्समध्ये राहायला जाणार होत्या. त्यामुळे त्या उन्हाळ्यापासून गल्लीत कुणीही गराज सेल लावला की त्या आपल्या दोन-चार वस्तू त्यात आणून ठेवायच्या. "बोंजूर," म्हणाल्या आणि स्नो ब्लोअरकडे बोट दाखवून विचारलं, "केवढ्याला?"

माझं फ्रेंच सरकारी वर्गात शिकलेलं. त्यात भाजी, डॉक्टर आणि घरभाडं येतं, शस्त्रपूजा येत नाही. मी कसंबसं सांगितलं की हे विकायला नाही, आम्ही वर्षातून एकदा आमच्या यंत्रांचे आभार मानतो.

"हां, म्हणजे थँक्सगिव्हिंग," मदाम म्हणाल्या आणि त्यांचं समाधान झालं.

एवढ्या वेळात बाबांनी त्यांचा खोका उपसला होता. टोस्टर बाजूला ठेवला, लॅम्पशेड बाजूला ठेवली, आणि तळाशी पडलेला एक लोखंडी ठोकळा उचलून ते हातात तोलत राहिले. मूठभर आकाराचा, एका टोकाला खळगा पडलेला, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. त्यांनी त्याच्यावर हळदकुंकू घातलं आणि तो विळीशेजारी ठेवूनही दिला.

"मॅडम," ते आपल्या लष्करी इंग्रजीत म्हणाले, "धिस इज डॉली. फॉर रिव्हेट."

लोखंडाचे पत्रे सांधणारा लाल तापलेला रिव्हेट बाहेरून हवेच्या हातोड्यानं ठोकतात, तेव्हा आतल्या बाजूनं त्याच्या डोक्याला कुणीतरी लोखंडाचं टेकण घट्ट धरून ठेवावं लागतं. ते टेकण म्हणजे ही डॉली. हे मला नंतर बाबांनी सांगितलं. त्या क्षणी मला फक्त मदामचा चेहरा दिसला. त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"यू नो?" त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी कारखान्यात इंग्रज फोरमनच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे हुकूम आणि शिव्या सोडल्या तर फार नव्हतं. "टँक्स. आय मेक टँक्स."

मग तिथं ड्राइव्हवेवर, झेंडूच्या फुलांपाशी उभं राहून त्यांनी थोडं फ्रेंचमध्ये, थोडं इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात मॉन्ट्रियलच्या एका रेल्वे कारखान्यात इंजिनांऐवजी रणगाडे बनत. मदाम तेव्हा विशीही न गाठलेल्या. चणीनं लहान, म्हणून त्यांना रणगाड्याच्या आत बसवायचे. बाहेरून पुरुष हातोडा चालवायचा आणि ह्या आतल्या अंधारात डॉली धरून बसायच्या. ते रणगाडे बोटींनी रशियाला जायचे, मदत म्हणून. नाव व्हॅलेंटाइन.

"व्हॅलेंटाइन!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "अगं, नगरच्या म्युझियमात आहे की एक! मीच दाखवायचो पोरांना. सांग त्यांना, मी आत बसलोय त्याच्यात. सांग!"

मी सांगितलं. मला वाटलं मदामला आनंद होईल. त्या बाबांकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, शनिवारी कॉफीला या, मला तुमच्या वडिलांना एक प्रश्न विचारायचाय. आणि जाताना ठोकळा घ्यायला वाकल्या तर बाबांनी त्यावर हात धरला. पूजा केलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही.

शनिवारी आम्ही गेलो. मदामच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावून खोके रचलेले होते आणि पडदे काढून टाकल्यामुळे उजेड जास्तच वाटत होता. बाबांनी डॉली टेबलावर ठेवली. कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. मदामनं कॉफी ओतली, साखर पुढे केली, आणि स्वतः न पिताच बोलायला लागल्या. मी बाबांना मराठीत सांगत गेले.

लढाई संपल्यावर एका लग्नात त्यांना एक माणूस भेटला. युरोपातून परत आलेला, थोडी घेतलेला. कोण काय काम करत होतं अशा गप्पा चालल्या होत्या. मदामनं अभिमानानं सांगितलं, मी रणगाड्यात रिव्हेट धरत होते. तो माणूस हसला. म्हणाला, त्या रिव्हेटांनीच आतली पोरं मेली. बाहेरून गोळा लागला की चिलखत फुटत नाही, पण आतल्या रिव्हेटांची डोकी तुटून बंदुकीच्या गोळ्यांसारखी उडतात.

"मी सगळ्यांना विचारलं," मदाम म्हणाल्या. "नवऱ्याला विचारलं, तो हसला. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले देवाचं नाव घे. मुलाला विचारलं, तो म्हणाला, ममाँ, कुठल्या जुन्या गोष्टी काढतेस. तुमचे वडील त्यात बसले आहेत. ते खरं आहे का?"

मी बाबांना सांगितलं. आणि लगेच, त्यांनी तोंड उघडायच्या आत, मराठीत बजावलं, "बाबा, नव्वदीच्या बाई आहेत. सांभाळून."

बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते मदामकडे बघत होते. "खरं आहे," ते म्हणाले. "व्हायचं तसं." त्यांनी मूठ वळली, आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे नेऊन पाचही बोटं एकदम उघडली.

मी मदामकडे वळले आणि म्हणाले, "ते म्हणतात, फार क्वचित. आणि तुमच्या कारखान्यातले चांगले असत."

मदामनं माझ्या हातावर हात ठेवला. "तू चांगली मुलगी आहेस," त्या म्हणाल्या. "आता ते काय म्हणाले ते सांग."

मी सांगितलं. बाबांचा इतका राग आला होता की कॉफीचा कप भिंतीवर फेकावा. बाबांचं मात्र संपलं नव्हतं. ते एकेक वाक्य बोलून थांबत, मी सांगेपर्यंत वाट पाहत. नगरच्या म्युझियमातला रणगाडा बहुधा विलायतेत बनलेला, तुमच्या हातचा नसेल. त्याची तोफ लहान. बर्फावर त्याचे पट्टे घसरायचे असं आम्हाला शिकवलेलं. पण इंजिन मोठं इमानदार. बुटका, म्हणून लांबून दिसायचा नाही. आणि रशियाला दुसरे मोठे रणगाडे मिळायला लागले तरी ते हा मागतच राहिले. फुकटची वस्तू माणूस एकदा घेतो, पण दुसऱ्यांदा तीच मागितली तर ती कामाची असते. "आणि सांग त्यांना, जे रिव्हेट उडाले त्यांची गोष्ट त्या लग्नातल्या माणसानं सांगितली. जे धरून राहिले, त्यांच्या आतली माणसं घरी गेली. पण उडाले तेही खरेच. त्यात यांचा एखादा नसेलच, असं मी म्हणू शकत नाही."

मदामनं सगळं ऐकून घेतलं. "मेर्सी," म्हणाल्या, उठल्या, आणि आम्हाला दारापर्यंत पोचवलं. कॉफी तशीच राहिली होती.

रस्ता ओलांडेपर्यंतही मला धीर निघाला नाही. "काय गरज होती? सत्तर वर्षं त्या बाईनं हे उराशी धरलं, मरायच्या आधी जरा सुखानं राहू दिलं असतं तर तुमचं काय जाणार होतं? खरं बोलायचा मक्ता घेतलाय का तुम्ही?"

बाबा ड्राइव्हवेवर थांबले. टेम्पोच्या लोखंडी नळीला धरून उभे राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं असं मला वाटतं.

पासष्टला त्यांच्या रणगाड्यावर तोफ चालवणारा गनर रोहतककडचा होता. बाबांच्या पाठीमागं, थोडं वर बसायचा. तिसरा गोळा आत आला तेव्हा बाबा पुढे होते म्हणून वाचले. गनर लगेच गेला नाही. लढाई थांबल्यावर सुट्टी मिळाली तेव्हा बाबा नगरला यायच्या आधी त्याच्या गावी गेले. त्याच्या आईनं अंगणात खाट टाकली आणि विचारलं, माझ्या पोराला त्रास झाला का? बाबा म्हणाले, नाही माँजी, त्याला कळलंही नाही. आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, रोटी खा के जाइयो. नंतर एकही प्रश्न नाही. भाकरी वाढताना नाही, निघताना नाही.

"तिला कळलं होतं मी खोटं बोलतोय ते," बाबा म्हणाले. "तिला पुष्कळ विचारायचं होतं गं. तो काय बोलला, पाणी मागितलं का, माझं नाव घेतलं का. मला सगळं ठाऊक होतं. पण पहिल्याच उत्तराला मी दार लावून घेतलं. मग ती कुठनं विचारणार? ती गेली तशीच." त्यांनी नळी सोडली. "त्यामुळे मला शहाणपण शिकवू नकोस."

मी दार उघडून आत गेले. राग मात्र गेला नव्हता, कारण पुढचे कित्येक दिवस मदाम दिसल्याच नाहीत. पोस्टाच्या पेटीपाशी नाहीत, कचऱ्याचा डबा बाहेर काढायला नाहीत. त्यांचा डबा शेजारचा मुलगा काढायचा. स्वयंपाक करताना माझं सगळं लक्ष समोरच्या खिडकीवर असे. बाबाही फोनवर नगरच्या मित्रांशी बोलेनासे झाले. वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं समोरच्या खोलीत बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "जाऊन बघून येऊ का?" तर म्हणाले, "नको. बाई विचार करतायत. करू दे."

मग एका दुपारी, पहिला बर्फ भुरभुरून थांबला होता तेव्हा, दारावरची बेल वाजली. मदाम. लिपस्टिक लावलेली. कोटही न काढता त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, आत वास कसला यायचा?"

बाबांनी खुर्ची ओढली. "डिझेलचा. घामाचा. तोफ उडाली की जळक्या दारूचा, डोळ्यांतून पाणी काढणारा."

"जेवायचे कुठे?"

"आतच. हातात जे असेल ते. एकदा मी पाय ब्रेकवर ठेवून गूळ-शेंगदाणे खाल्लेत."

"एकमेकांना दिसायचे का?"

"मला फक्त पुढचं दिसायचं. गनरचा बूट पाठीला लागायचा, म्हणून तो आहे हे कळायचं."

ते महिनाभर चाललं. बाबांच्या परतीच्या तिकिटापर्यंत मदाम एक दिवसाआड यायच्या. मी घरून काम करायचे तेव्हा हेडफोन कानाला आणि अर्धा जीव त्या टेबलाशी. कधी एखादी मीटिंग म्यूट करून मी "चिलखताला घाम येतो का" याचं भाषांतर केलंय. मी वैतागायचे, खोटं कशाला बोलू. पण त्या दोघांना तसं बसलेलं पाहणं मला आवडायला लागलं होतं. मदामनं प्रश्न विचारायचा, बाबांनी जीव तोडून खरं उत्तर द्यायचं. माहीत नसेल तर माहीत नाही. कधी मदाम सांगायच्या आणि बाबा विचारायचे: हातोडा चालताना कान कसे राहायचे, रिव्हेट थंड पडला तर काय करायच्या. हळूहळू त्यांना माझी गरज कमी लागायला लागली. बाबांच्या हाताला बोलता यायचं आणि मदामच्या भुवयांना. मी चहा ठेवायचे, उकळलेला, आलं घातलेला. मदाम तोंड वाकडं करत तो पूर्ण प्यायच्या. आईनंतर बाबांच्या आवाजात एवढा जीव मी तेव्हाच ऐकला. तो महिना परत मिळणार असेल तर मी अजूनही काय वाटेल ते द्यायला तयार आहे.

बाबा निघायच्या आदल्या दिवशी मदाम शेवटच्या आल्या. बॅगा दारात होत्या. बाहेर बर्फ आता वितळण्यापलीकडे साचला होता आणि नवऱ्यानं सकाळी शोव्हल करून त्यांच्यासाठी वाट केली होती.

"रशियात फार थंडी असेल ना आत?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "मी उन्हात लढलो."

"मला माहीत आहे," मदाम म्हणाल्या. "जानेवारीत आमच्या शेडला दारंच नसायची. आत बसलं की लोखंड हाताला चिकटायचं. मला रोज वाटायचं, माझ्यानंतर इथं जो बसेल त्याची बोटं गोठणार."

मग त्या थोड्या लाजल्या. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं.

त्या घरी हातमोजे विणायच्या. लोकरीचे, जाड. आणि आत काम करायची पाळी आली की एखादा जोड ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबायच्या. परवानगी नव्हती. तपासनीस प्रत्येक वेळी शोधून काढायचा आणि सगळ्यांसमोर त्यांच्या अंगावर फेकायचा. पोरी हसायच्या. तरी त्या पुन्हा ठेवायच्या. "एकदा," मदाम म्हणाल्या, "एकदा त्याला सापडले नाहीत. तो रणगाडा तसाच गेला."

त्या बाबांकडे वळल्या. इतक्या दिवसांत त्यांनी कुठलाही प्रश्न विचारताना आवाज हलू दिला नव्हता.

"तुम्ही ड्रायव्हर होतात. विचार गं त्यांना. त्या ड्रायव्हरला सापडले असतील का?"

मी विचारलं. आणि या वेळी मी बाबांना काहीच बजावलं नाही. बाबांचा उजवा हात खुर्चीच्या कडेवरून खाली गेला आणि खुर्चीखाली चाचपडला, इकडे, मग तिकडे, अगदी मागच्या पायापर्यंत. मग तो हात वर आला.

"नवी गाडी मिळाली की ड्रायव्हर पहिल्यांदा सीटखाली हात घालतो," ते म्हणाले. "पाना राहिलाय का, चिंधी राहिलीये का, बघायला. मी घातला होता. सगळे घालतात. सापडले. सांग त्यांना, सापडले."

मी शब्दाला शब्द सांगितलं. मदामनं डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत लिपस्टिकपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग डोळे उघडून त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि मापाचे झाले का?"

बाबांनी टेबलावरचे मदामचे हात पाहिले, लहान, सुरकुतलेले, बोटांची पेरं सुजलेली.

"जरा लहान झाले," ते म्हणाले. "पण घातले त्यानं."

मदाम हसल्या. रडता रडता अशा हसल्या की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. दुसरं कुठलं माप त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणाल्या. त्यांनी ते स्वतःच्या हाताच्या मापानं विणले होते.